डेल्को बदलला, पण दुखणं?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गाडीने मला जे शिकवलं, ते पाच सेमिस्टरमध्ये मी शिकले नव्हते. वाक्य थोडं फिल्मी वाटेल, पण आधी पूर्ण वाचा आणि मग काय ते ठरवा.

मामा साताऱ्याला राहतो. त्याच्याकडे वीस वर्षांहून जुनी पेट्रोल सिडान आहे आणि तिच्यावर त्याचा भारी जीव. या गाडीला एक विचित्र रोग जडला होता. सकाळी एका सेल्फमध्ये स्टार्ट. वीस-पंचवीस किलोमीटर झकास पळणार. मग इंजिन पूर्ण गरम झालं की अचानक बंद, जणू कोणी किल्लीच फिरवली! अर्धा-पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. एकदा आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुण्याला नेताना ती खंबाटकी घाटात अशीच बंद पडली. मागे ट्रकची रांग, हॉर्नचा कल्लोळ आणि आत घाबरलेली आजी. त्या दिवसापासून आजीने गाडीत बसणं सोडलं आणि मामाने गाडी काढून टाकायचं ठरवलं. भंगारवाला देईल त्या किमतीत.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. एका गॅरेजने (नाव कशाला?) आधी प्लग बदलले, मग प्लगच्या वायरी, मग पेट्रोल पंप, मग इग्निशन कॉइल. शेवटी ‘साहेब, डेल्को गेलाय’ असं सांगून जुन्या बाजारातून दुसरा डेल्को आणून बसवला. सगळं मिळून बावीस हजार रुपये. गाडी सात महिने चालली आणि पुन्हा तेच. गरम झाली की बंद.

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. कॉन्व्हेंट आणि कॉलेज दोन्हीकडे मी ‘डिस्ट्रिब्युटर’च ऐकलेलं, त्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं की हा कुठला तरी वेगळाच पार्ट असणार. नंतर शोधलं तेव्हा कळलं, की हे तर चक्क कंपनीचं नाव आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात १९०९ मध्ये चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. १९१२ च्या कॅडिलॅकचा सेल्फ स्टार्टर त्यांचाच. पुढे ही कंपनी जनरल मोटर्समध्ये सामील झाली. आपल्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडी मात्र ते वस्तूचंच नाव होऊन बसलं, वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं.

आता हा डेल्को करतो काय, ते थोडक्यात. कॉइलमधून येणारा हजारो व्होल्टचा करंट पाळीपाळीने प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला द्यायचा. पंगतीत वाढपी असतो ना, तसा. आत रोटर फिरतो, वर टोपी आणि टोपीतून प्रत्येक प्लगला एक वायर. पण वाढायचं नेमकं कधी, हे कोणी सांगायचं? जुन्या ॲम्बॅसिडर, पद्मिनीत हे काम सीबी पॉइंट करायचे. ते घासले जायचे, जळायचे, मधूनमधून गॅप सेट करावा लागायचा. ऑप्टिकल डिस्ट्रिब्युटरमध्ये या जागी घासणारं काही नाहीच. शाफ्टवर धातूची पातळ चकती असते आणि तिला खाचा असतात. चकतीच्या एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोडायोड. खाच समोर आली की प्रकाश पलीकडे पोचतो, खाच सरकली की अडतो. त्यातून शून्य आणि पाच व्होल्टचे चौकोनी पल्स तयार होतात. खाचांची एक ओळ क्रँकचा कोन सांगते, दुसरी कुठल्या सिलिंडरची पाळी ते सांगते. हे पल्स मोजून ईसीयू ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो. १९८० आणि ९० च्या दशकांत निसान, मित्सुबिशी अशा जपानी कंपन्यांनी ही पद्धत वापरली. कल्पना खरंच सुंदर आहे. फक्त एक अट, आतली जागा स्वच्छ पाहिजे. प्रकाशाच्या वाटेत काही आलं की संपलं!

तर गाडी विकायच्या आधी शेवटचा उपाय म्हणून मामाने तिला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेलं. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मीही सोबत गेले, कारण सुट्टी होती आणि घरात फराळाचं काम होतं!

चाचांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी पाच मिनिटं मामाला नुसते प्रश्न. बंद पडताना झटके देते का एकदम जाते? आरपीएमचा काटा हळूहळू उतरतो का धाडकन शून्यावर येतो? पावसाळ्यात जास्त होतं का उन्हाळ्यात? मग म्हणाले, ‘आता बिघडू द्या तिला. बरी असताना तपासून काय कळणार?’ मला तेव्हा लक्षात आलं, की आधीच्या गॅरेजमध्ये गाडी दर वेळी टो करून, म्हणजे थंड होऊनच पोचत होती. तिथे ती लगेच चालू व्हायची. म्हणजे रोग असा कोणी पाहिलाच नव्हता, सगळे अंदाजाने औषध देत होते.

गाडी जागेवरच चालू ठेवली. पाऊण तासाने ती बंद पडली. चाचा उठले. ‘ताई, सेल्फ मारा आणि काटा बघा.’ सेल्फ फिरत होता, पण आरपीएमचा काटा शून्यावर मेल्यासारखा. एक जादा प्लग वायरला लावून, इन्सुलेटेड पकडीने बॉडीला टेकवून पाहिला. ठिणगी नाही. इंजेक्टरच्या कनेक्टरला छोटा टेस्ट लॅम्प लावला. तोही लुकलुकत नाही. पेट्रोल पंपाचा आवाज ऐकला. पंपही गप्प.

‘बघा,’ चाचा म्हणाले, ‘तीन माणसं एकदम आजारी पडली तर तिघांना वेगळी औषधं द्यायची का? त्यांनी एकत्र काय खाल्लं ते बघायचं.’

इथे माझी ट्यूब पेटली. ठिणगी, इंजेक्टर आणि पंप या तिघांनाही ईसीयू हुकूम देतो, आणि इंजिन फिरतंय असा सिग्नल मिळाला तरच देतो. सिग्नलच नसेल तर तो पंपसुद्धा बंद ठेवतो, ही सुरक्षेची सोय आहे. त्या गॅरेजने पंप गप्प पाहिला आणि पंप बदलला. ठिणगी नाही म्हणून कॉइल बदललं. दोन्ही धडधाकट होते! जर फक्त ठिणगी गेली असती आणि इंजेक्टर चालू असते, तर कॉइल, इग्नायटर, रोटर, टोपी यांच्यावर संशय घेणं बरोबर होतं. पण तिन्ही एकदम गेले की तिघांना जे समाईक आहे ते तपासायचं. इथे आरपीएमचा काटाही मेला होता, म्हणून डेल्कोतला सेन्सर किंवा त्याच्या वायरी.

मग चाचांनी मल्टिमीटर माझ्या हातात दिला. ‘ताई, इंजिनिअरिंगला आहात ना? मीटर कुठं लावणार, सांगा की.’

मित्रांनो, खरं सांगते, मला सांगता आलं नाही. इग्निशन सिस्टिमची आकृती मी परीक्षेत दोनदा काढलीय आणि दोन्ही वेळा चांगले मार्क पडलेत. पण समोर चार वायरींचा एक मळकट कनेक्टर होता आणि माझ्या आकृतीत कनेक्टर कधीच नव्हता. मामा कौतुकाने बघत होता, भाची इंजिनिअर होणार म्हणून. तेव्हा जी लाज वाटली ती नापास झाल्यावरही वाटली नसती.

चाचांनी मग काही न बोलता दाखवलं. कनेक्टर न काढता मागून पिन घालायची. एका वायरवर बॅटरीचे बारा व्होल्ट आहेत का? आहेत. अर्थिंग नीट आहे का? आहे. म्हणजे डेल्कोला जेवण मिळतंय. आता सिग्नलच्या दोन वायरी. इंजिन हळूहळू हाताने फिरवलं तर इथे पाच, शून्य, पाच, शून्य असं दिसायला हवं. मीटर एकाच आकड्यावर अडकून. कनेक्टर सोडवून ईसीयूच्या बाजूने बघितलं, तर तिथून पाच व्होल्ट बरोबर येत होते. म्हणजे वायर तुटलेली नाही. दोष डेल्कोच्या आतच आहे. एकही पार्ट न बदलता, वीस मिनिटांत!

मला वाटलं झालं, आता तिसरा डेल्को. पण टोपी आणि आतलं झाकण काढल्यावर चाचांनी बोट दाखवलं. चकती ऑइलने चमकत होती. सेन्सरवरही ऑइलचा पातळ थर. थंड असताना एलईडीचा प्रकाश त्या थरातून कसाबसा पलीकडे जायचा. एलईडी गरम झाला की त्याचा प्रकाश कमी होतो (हे आपण सगळे फर्स्ट इयरला शिकलोय, आठवतंय का?), मग तो थर भेदायला कमी पडायचा. थंड झालं की पुन्हा चालू. सात महिन्यांचं कोडं असं सुटलं.

आणि आता खरा मुद्दा. ऑइल आलं कुठून? या गाडीत डेल्को कॅमशाफ्टच्या टोकाला बसतो. शाफ्टवरचं ऑइल सील कडक होऊन गेलं होतं. पण दोन्ही डेल्कोंची सील गेली? चाचांनी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून दाखवला. तो खडखड वाजायला हवा, पण काजळीने जाम झाला होता. क्रँककेसमध्ये साठणाऱ्या वायूला बाहेर जायला तो रस्ता असतो. रस्ता बंद, म्हणून आतला दाब ऑइलला जिथे फट मिळेल तिथून ढकलत होता. नवा कोरा डेल्को बसवला असता तरी तोही काही महिन्यांनी असाच आंघोळ करून निघाला असता.

पीसीव्ही व्हॉल्व्ह नवीन, बेअरिंगच्या दुकानातून मापाचं ऑइल सील, एक ओ-रिंग, आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने हलक्या हाताने सफाई. मजुरी धरून दोन हजारांच्या आत सगळं. वर गंमत म्हणजे मामाचा मूळ डेल्को डिकीत पडून होता. तोही उघडला तर त्यातही ऑइलच. तो साफ करून, सील बदलून बसवला आणि गाडी त्याच्यावरच चालू झाली. म्हणजे जो ‘गेला’ म्हणून काढला होता तो मेलेला नव्हताच!

हे वाचून कोणी म्हणेल की गॅरेजवाले अडाणी होते. पण हीच गोष्ट जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीत वेगळ्या रूपात घडली आहे. १९९२ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सने एलटी-१ हे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन आणलं. त्याच्या ऑप्टिकल डिस्ट्रिब्युटरचं नाव ऑप्टिस्पार्क. चकतीच्या एका ओळीत ३६० खाचा, दुसरीत ८. चकती क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, पण प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडा मोजल्या तर क्रँकचा एकेक अंश कळतो. अचूकतेला तोड नव्हती. पण हा नाजूक डोळा बसवला कुठे? इंजिनाच्या पुढच्या तोंडावर, वॉटर पंपाच्या पाठीमागे! पंपाचं सील झिजलं की त्याच्या छिद्रातून कूलंट ठिबकतं ते थेट त्याच्यावर. शिवाय टोपीतल्या हाय व्होल्टेजने ओझोन तयार होतो, त्यात ओलावा मिसळला की गंज. नंतरच्या आवृत्तीत आत हवा खेळती ठेवायला व्हॅक्यूमच्या नळ्या द्याव्या लागल्या. डिस्ट्रिब्युटर बदलायचा म्हणजे आधी कूलंट काढा, वॉटर पंप काढा, पुढची पुली काढा. एवढं सगळं करून नवा ऑप्टिस्पार्क बसवला आणि गळका पंप तसाच ठेवला, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस-१ इंजिन आलं तेव्हा डिस्ट्रिब्युटरच काढून टाकला होता, प्रत्येक सिलिंडरला आपापलं कॉइल.

खंबाटकीतली गाडी असो की कॉर्व्हेट, माझं म्हणणं एकच आहे. पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो का गेला हे कळल्याशिवाय बदललेला पार्ट म्हणजे पुढच्या बिघाडाचा ॲडव्हान्स.

आता यावर दोन आक्षेप येतील, माझ्या रूममेटने आधीच घेतलेत. पहिला, की आता डिस्ट्रिब्युटर असतो कुठे? नव्या गाड्यांत स्कॅनर लावला की कोड येतो, पार्ट बदलला की झालं. पण कोड काय सांगतो बघा. त्या एलटी-१ मध्येही कोड होते. आठ खाचांचा सिग्नल गेला की कोड १६, ३६० खाचांचा गेला की ३६. कोड एवढंच सांगतो की सिग्नल येत नाही. वायर तुटली, सप्लाय गेला, सेन्सर मेला की वरून पाणी पडलं, हे तो सांगत नाही. ते माणसानेच शोधायचं असतं. स्कॅनर हा पेशंटचा ताप मोजतो, निदान करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. गॅरेजमध्ये वेळ म्हणजे पैसा, पाऊण तास गाडी बिघडण्याची वाट बघत कोण बसणार? मान्य. खात्रीचा चांगला पार्ट लावून बघणं ही सुद्धा एक टेस्टच आहे. पण मग ती टेस्टसारखी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. गाडी बरी झाली तर जुना पार्ट परत लावून बघा, बिघाड परत येतो का. आला तरच तो पार्ट दोषी. सगळं एकदम बदलून ‘आता चालतेय ना!’ म्हणणं म्हणजे अंधारात दगड.

आणि खरंच डेल्को बदलायचा असेल तर तेही शिस्तीने. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणायचा, टोपीच्या वायरींना नंबर लावायचे, रोटर कुठे बघतोय आणि बॉडी कुठे बसलीय याच्या खुणा करायच्या. डेल्को बाहेर असताना सेल्फ मारायचा नाही. नवी ओ-रिंग घालायची, खुणा जुळवून बसवायचा. शेवटी टायमिंग लाइट लावून कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने बेस टायमिंग सेट केल्याशिवाय बोल्ट घट्ट करायचा नाही. ‘अंदाजे बसवला, चालतोय’ हे चालणार नाही.

पण त्या गॅरेजला नावं ठेवताना मला आपणच आठवतो. प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं की आपण काय करतो? मीटर तपासतो? कनेक्शन बघतो? छे! सिनियरची फाइल उघडतो आणि ग्राफवरून उलटं रीडिंग काढतो. हॉस्टेलच्या गिझरचं कॉइल या वर्षात तीनदा बदललं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा थर त्याच्यावर किती चढतो हे आपल्यापैकी, म्हणजे शे-दीडशे भावी इंजिनिअर्सपैकी, कोणी एकदा तरी बघितलं का? मीही नाही बघितलं. कारण आपल्याला सतत ‘उत्तर काय’ हेच विचारलं गेलंय. ‘तू हे कसं नाकारलंस’ हे कोणी विचारत नाही.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. आपल्या ऑटोमोबाइल लॅबमध्ये लाल-पिवळा रंग दिलेलं कट-सेक्शन इंजिन आहे. ते छान आहे, पण ते कधी बिघडत नाही! त्याच्या शेजारी भंगारातून आणलेलं एक चालतं पेट्रोल इंजिन ठेवा, डिस्ट्रिब्युटरवालं असलं तर उत्तमच. सेमिस्टरमध्ये एक दिवस लॅब असिस्टंट त्यात गुपचूप एक बिघाड करून ठेवतील. एक अर्थिंग सैल, एक फ्यूज काढलेला, खाचांसमोर कागदाचा कपटा, काहीही. चार जणांच्या बॅचला एक मीटर, एक वायरिंग डायग्राम आणि एक तास. मार्क बिघाड सापडल्याचे नकोत. कुठली शंका कुठल्या रीडिंगने खोडली, ते लिहिल्याचे हवेत. ही फाइल सिनियरकडून कॉपी करता येणार नाही, कारण दर वर्षी बिघाड वेगळा!

यात खर्च फारसा नाही. अडचण एकच आहे, आपल्यापैकी बरेच जण पहिल्या तासाला माझ्यासारखे हातात प्रोब धरून उभे राहतील. राहू देत. ती लाज कॉलेजच्या लॅबमध्ये वाटलेली बरी, उद्या नोकरीत कोणाच्या तरी बंद मशीनसमोर वाटण्यापेक्षा.

मामाने गाडी विकली नाही. मागच्या महिन्यात आजीला घेऊन तो पुण्याला येऊन गेला. घाट लागला की आजी अजून देवाचं नाव घेते म्हणे, पण गाडीत बसते. मी मात्र परवा हॉस्टेलच्या गिझरजवळ मीटर घेऊन गेले होते. मेन स्विच आधी बंद केला, हे रेक्टर मॅडमच्या माहितीसाठी! आता ‘मीटर कुठं लावणार?’ या प्रश्नाचं उत्तर निदान गिझरपुरतं तरी मला येतं.